सातच्या आत घरात : ही वेळ ठरवली कुणी?

(एपिसोडचा लेखी मजकूर. बोलताना जे ‘अं’, ‘म्हणजे’ आणि मागून कुकरच्या शिट्ट्या आल्या त्या काढल्या आहेत. बाकी बोलले तसंच.)

कानात हेडफोन आहेत ना? मग बसा, नाहीतर चालत ऐका.

आजचा विषय माझ्या ऑफिसच्या कँटीनमधला आहे. दर महिन्याला कुणीतरी तो काढतंच. दिल्लीचा एक कलीग असतो, मुंबईची एक मैत्रीण असते, चेन्नईचा एक जण डबा खात गप्प बसलेला असतो, आणि वाद सुरू होतो: रात्री मुलींसाठी सगळ्यात सेफ शहर कुठलं? मुंबईकर म्हणणार, “आमच्याकडे बाई रात्री बाराला लोकलने एकटी घरी जाते.” मग दिल्लीवाला चिडणार. पुणेकर म्हणणार की पूर्वीचं पुणं राहिलं नाही. शेवटी सगळ्यांचं एका शब्दावर एकमत होतं: ‘कल्चर’. उत्तरेचं कल्चर तसं, दक्षिणेचं असं, मुंबईचं वेगळं.

मला हे उत्तर कधीच पटलं नाही. मी बीटेक केलंय, कोड लिहिते, आणि बग ‘स्वभावामुळे’ येतो असं कुणी म्हटलं की मी लॉग उघडते. तर आज आपण रात्रीचे लॉग उघडणार आहोत. कायद्याचे, गिरण्यांचे, रेल्वेचे.

सुरुवात घरापासून करू. माझं बालपण सातारला गेलं. ‘दिवेलागणीच्या आत घरी’ हे वाक्य किती वेळा ऐकलं असेल याचा हिशेब नाही. इंजिनीअरिंगला गेले तर हॉस्टेलच्या रजिस्टरवर मुलींसाठी साडेआठ. मुलांच्या हॉस्टेलला रजिस्टर होतं, पण त्यावर धूळ होती. २००४ साली मराठीत संजय सूरकरांचा ‘सातच्या आत घरात’ नावाचा सिनेमा आला, आणि ते नाव कुणालाही समजावून सांगावं लागलं नाही. सात म्हणजे सात. का सात? सहा का नाही, नऊ का नाही?

आता हे ऐका. भारताचा १९४८ चा कारखाने कायदा. त्यातलं कलम ६६. कुठल्याही कारखान्यात बाईला सकाळी सहा ते संध्याकाळी सात याच वेळेत काम देता येईल, असं त्यात लिहिलं होतं. राज्य सरकारला थोडी ढील देता येत होती, पण रात्री दहा ते पहाटे पाच या वेळात कुठल्याही परिस्थितीत नाही. म्हणजे आईचं वाक्य चक्क संसदेच्या कायद्यात होतं. आणि ते १९४८ मध्ये सुचलेलं नव्हतं. ते जुन्या कोडमधून कॉपी-पेस्ट झालेलं होतं.

मागे जाऊ. १८८१ चा पहिला कारखाने कायदा मुलांपुरता होता. बायकांचे तास पहिल्यांदा १८९१ मध्ये ठरले: दिवसाला जास्तीत जास्त अकरा तास, आणि पहाटे पाचच्या आधी, रात्री आठनंतर काम नाही. हे सगळं दयेपोटी झालं का? थोडंफार. पण लँकेशायरचे गिरणीमालकही लंडनमध्ये जोर लावत होते. मुंबईच्या गिरण्या स्वस्त मजुरीवर कितीही तास चालतात आणि आमचा धंदा मारतात, ही त्यांची तक्रार होती. बाईच्या सुरक्षिततेच्या कायद्यामागे मँचेस्टरचा ताळेबंदही होता.

इकडे मुंबईत नारायण मेघाजी लोखंडे कामगारांना एकत्र करत होते. एप्रिल १८९० मध्ये त्यांच्या सभेला सुमारे दहा हजार कामगार आले होते. त्या सभेत दोन गिरणी कामगार बायका बोलायला उभ्या राहिल्या. रविवारची सुट्टी मागायला! आणि त्याच वर्षी जूनमध्ये ती मिळाली. तुम्ही-आम्ही संडेला जो लोळून नेटफ्लिक्स बघतो ना, त्यात त्या दोघींचाही वाटा आहे.

१९११ चा कायदा आला आणि आठचे सात झाले. संध्याकाळी सात ते पहाटे साडेपाच, बायकांना कारखान्यात काम नाही. आपले ‘सात’ कायद्यात इथे येतात. १९१९ मध्ये वॉशिंग्टनला आंतरराष्ट्रीय कामगार परिषद भरली, तिथे बायकांच्या रात्रपाळीविरुद्ध करार झाला, भारताने तो १९२१ मध्ये मान्य केला. त्यात ‘रात्र’ म्हणजे काय याची व्याख्या आहे: सलग अकरा तास, आणि त्यात रात्री दहा ते पहाटे पाच आलंच पाहिजे. १९४८ च्या कायद्यातले ते दहा ते पाच आठवले? तिथून आले.

आता माझा आवडता भाग. सूट कुणाला होती?

१९११ च्या कायद्यात कापसाच्या जिनिंग-प्रेसिंग कारखान्यांना सूट होती. खानदेश, वऱ्हाड, सगळा कापूसपट्टा. हंगामात कापूस थांबत नाही. १८८०च्या दशकातच मुंबई सरकारच्या आयोगासमोर खानदेशातल्या जिनिंगबद्दल साक्षी झाल्या होत्या, आणि तिथे बायका पहाटेपासून रात्री उशिरापर्यंत कशा राबतात हे त्यात नोंदलं गेलं होतं. तरी सूट मिळाली.

आणि १९४८ च्या त्याच कलम ६६ चं पुढचं पोटकलम वाचा. मासे खारवण्याच्या आणि मासे डबाबंद करण्याच्या कारखान्यांत बायकांना वेळेची अट शिथिल करता येईल. कारण? कच्चा माल खराब होऊ नये म्हणून. मी हे तीनदा वाचलं. रात्र बाईसाठी धोकादायक आहे, पण कोळंबी सडणार असेल तर चालेल!

१९५१ चा चहा-कॉफीच्या मळ्यांचा कायदा घ्या. तिथेही तेच सहा ते सात. अपवाद: सुइणी आणि नर्स. बरोबरच आहे म्हणा, बाळ काय घड्याळ बघून येणार? पण मग त्या नर्सच्या सुरक्षेचं काय, यावर कायदा गप्प.

म्हणजे या कायद्याने रात्र कधीच पूर्ण बंद केली नाही. कुठल्या बाईने रात्री बाहेर असायचं आणि कुठल्या बाईने नाही, एवढंच ठरवलं. आणि ज्या बायका रात्री बाहेर होत्याच, त्या कायद्याच्या नजरेतच नव्हत्या. मुंबईचा ससून डॉक १८७५ चा. तिथे उजाडायच्या कितीतरी आधी कोळणी बोलीवर उभ्या असतात, पिढ्यान्‌पिढ्या. तमाशाच्या फडातल्या बायका घ्या. अख्खा महाराष्ट्र रात्रभर जागून ज्यांची लावणी बघायचा, त्यांना ‘सातच्या आत घरात’ असं कोण म्हणालं? कुणीच नाही. कारण त्यांचं घर आणि ‘आपलं’ घर यात गावाने रेघ मारली होती. रात्री दिसणारी बाई म्हणजे एकतर नर्स, नाहीतर ‘तसली’. ही रेघ आजही लोकांच्या डोक्यात आहे. रात्री साडेअकराला सोसायटीच्या गेटवर वॉचमन माझ्या आयडी कार्डाकडे बघतो ना, तेव्हा तो तेच तपासत असतो.

बरं, गिरणगावात याचा परिणाम काय झाला? १९२०च्या दशकाच्या मध्यापर्यंत मुंबईच्या कापड गिरण्यांत साधारण पाचातली एक कामगार बाई होती, बहुतेक वाइंडिंग आणि रीलिंग खात्यात. १९३०च्या दशकात गिरण्यांनी रात्रपाळी वाढवली. रात्रपाळीत बाई चालत नाही. नवी यंत्रं आली, कामाची फेरमांडणी झाली, १९२९ च्या मुंबई प्रांताच्या कायद्याने बाळंतपणाचा भत्ता मालकावर आला. मालकाने गणित केलं. त्यानंतर हा हिस्सा खाली खाली गेला, आणि १९८२ च्या संपापर्यंत गिरणी ही पुरुषांची जागा झाली होती. एकट्या रात्रपाळीच्या बंदीने हे झालं असं मी म्हणणार नाही, कारणं अनेक होती. पण ‘तुझ्या भल्यासाठी’ असलेल्या नियमाने तिचा पगार वाढला नाही, हे नक्की.

आणि गंमत बघा, रात्रपाळी करून आलेल्या त्या पुरुषांना जेवायला कोण घालायचं? खाणावळवाल्या बाया. एकेका खोलीत दहा-पंधरा जणांचे डबे, पाळीप्रमाणे. पहाटे चारला चूल पेटवणं हे कायद्याच्या भाषेत ‘रात्रीचं काम’ नव्हतंच, कारण ते घरात होतं. १९७५ मध्ये प्रेमा पुरव यांनी या बायकांची अन्नपूर्णा महिला मंडळ ही संघटना उभी केली, तेव्हा कुठे बँकेने त्यांना दारात उभं केलं.

आता शहरांकडे येऊ, कारण कँटीनमधला वाद तिथे आहे.

मुंबई ‘सेफ’ का वाटते? मी दीड वर्ष ठाण्याला बहिणीकडे राहून दादरला जात होते. रात्री साडेअकराची स्लो. लेडीज डब्यात कोण असायचं? मॉलमधून सुटलेल्या मुली, चप्पल काढून सीटवर पाय घेतलेल्या. वॉर्डातून आलेल्या नर्स आणि आयाबाई. केटरिंगवाल्या, ज्यांच्या अंगाला पनीरचा वास. एक मावशी रोज मेथी निवडायची, रात्री साडेअकराला! दारात एक होमगार्ड, मोबाइलवर सिरियल बघणारा. मला सेफ वाटायचं ते होमगार्डमुळे कमी आणि मेथीवाल्या मावशीमुळे जास्त.

ही गर्दी आपोआप जमली नाही. ही रेल्वे १९२५ पासून विजेवर धावतेय, आणि मध्यरात्रीनंतर जेमतेम तीन-चार तास थांबते. बायकांसाठी राखीव डबे खूप जुने. १९९२ मध्ये पश्चिम रेल्वेने अख्खी लेडीज स्पेशल सुरू केली, कारण तोवर ऑफिसला जाणाऱ्या बायका एका गाडीत मावेनाशा झाल्या होत्या. स्टेशनबाहेर वडापाव, रिक्षाची रांग, केमिस्ट. हे सगळं काढा आणि मुंबईचं ‘कल्चर’ किती उरतं बघा.

त्याचा पुरावा मुंबईतच आहे. ऑगस्ट २०१३, शक्ती मिल. महालक्ष्मी स्टेशनपासून चालत जाण्याच्या अंतरावर, संध्याकाळची वेळ, काम करायला आलेली एक फोटो-पत्रकार, सोबत सहकारी. रात्रसुद्धा झाली नव्हती. पण जागा कसली होती? बंद पडलेली गिरणी. भिंतीच्या आत झाडी, पडकी शेड्स, माणूस नाही, दिवा नाही. गर्दीच्या शहराच्या मधोमध रिकामं केलेलं एक भोक. मुंबईकरांना तेव्हा धक्का बसला की ‘आपल्याकडे’ असं कसं झालं. आणि १९७३ मध्ये केईएममध्ये अरुणा शानभाग या नर्सवर हल्ला झाला होता, तोही आपल्याच मुंबईत, हॉस्पिटलच्या तळघरात, ड्यूटी संपवून कपडे बदलताना. बेचाळीस वर्षं ती त्याच हॉस्पिटलमध्ये अंथरुणावर होती. कायद्याने जिला रात्री काम करायची सूट दिली होती, तिला कपडे बदलायला धड खोली नव्हती.

‘व्हाय लॉयटर?’ नावाचं २०११ चं एक पुस्तक आहे, शिल्पा फडके, समीरा खान आणि शिल्पा रानडे यांचं, मुंबईच्याच बायकांवर. त्यांचं एक निरीक्षण मला माझ्यावर लागू होताना दिसतं. मुंबईत बाई रात्री फिरू शकते, पण तिला ‘काहीतरी काम आहे’ हे सतत दाखवावं लागतं. खांद्याला बॅग, हातात फोन, चालण्यात घाई. नुसतंच कट्ट्यावर बसलेली बाई तिथेही चालत नाही. म्हणजे मुंबईने बाईला रात्र दिली ती कामावर जाण्या-येण्यापुरती.

आता दिल्ली. तिथल्या दुकानांच्या १९५४ च्या कायद्यात बाईसाठी रात्रीची व्याख्या ऋतूप्रमाणे बदलत होती. उन्हाळ्यात रात्री नऊ ते सकाळी सात काम नाही. हिवाळ्यात रात्री आठ ते सकाळी आठ. थंडीत अंधार लवकर पडतो, म्हणून बाईचा पगारही लवकर मावळणार. मुंबईत त्याच प्रकारच्या कायद्यात अनेक वर्षं रात्री साडेनऊची वेळ होती. म्हणजे डिसेंबरमध्ये दिल्लीच्या सेल्सगर्लपेक्षा मुंबईची सेल्सगर्ल दीड तास जास्त वेळ रस्त्यावर ‘कायदेशीर’ होती. तुम्ही म्हणाल, दीड तासाने काय होतं? हे पन्नास-साठ वर्षं चालू द्या. दुकानात बाई नाही म्हणून बसमध्ये बाई नाही, बसमध्ये नाही म्हणून स्टॉपवर नाही. मग एखादी दिसली की सगळे तिच्याकडेच बघतात.

त्यात शहराची रचना. १९६२ च्या मास्टर प्लॅनने राहायची जागा इकडे, कामाची तिकडे, बाजार तिसरीकडे असं वाटून दिलं. मोठाले रस्ते, लांबच लांब भिंती. मी एका प्रोजेक्टसाठी सहा महिने गुडगावला होते. ऑफिस ते पीजी दोन किलोमीटर, आणि त्या दोन किलोमीटरमध्ये एकही उघडं दुकान नाही. सोसायटीची भिंत, पुढच्या सोसायटीची भिंत, सर्व्हिस लेन. पाणीपुरीवाला सुद्धा नाही हो! साताऱ्यात याहून जास्त उजेड असतो रात्री.

१६ डिसेंबर २०१२ ला जे झालं, ते आपल्या सगळ्यांना माहीत आहे, आणि मी ते पुन्हा सांगणार नाही. फक्त एक गोष्ट लक्षात घ्या. ती आणि तिचा मित्र साकेतला सिनेमा बघून निघाले होते, रात्रीचे साधारण नऊ-साडेनऊ. घरापर्यंत यायला रिक्षा तयार होत नव्हत्या. म्हणून मुनीरकाच्या स्टॉपवर ते एका खासगी बसमध्ये चढले, जिला त्या वेळी प्रवासी घ्यायचा परवानाच नव्हता. नंतर न्यायमूर्ती वर्मा समितीने महिनाभरात जो अहवाल दिला, त्यात शिक्षेसोबत सार्वजनिक वाहतूक आणि रस्त्यावरचे दिवे हेही विषय होते. टीव्हीवर मात्र फक्त फाशीची चर्चा झाली.

आणि त्याच वर्षी मार्चमध्ये गुडगावमध्ये काय झालं होतं? पबमध्ये काम करणाऱ्या एका तरुणीवर अत्याचार झाला, तर प्रशासनाने जुना पंजाबचा दुकान-कायदा काढून मॉल आणि पबना सांगितलं: रात्री आठनंतर बायकांना कामावर ठेवायचं असेल तर कामगार खात्याची परवानगी आणा. म्हणजे गुन्हा झाला की गुन्हेगाराच्या आधी नोकरी करणाऱ्या मुलीची वेळ बदलते. मला यात सरकारचा दुष्टपणा दिसत नाही, आळस दिसतो. दिवे लावायला बजेट लागतं, आदेशाला एक कागद पुरतो.

हा आळस फक्त उत्तरेचा आहे असं समजू नका. ऑगस्ट २०२४, कोलकाता, आरजी कर हॉस्पिटल. लांबलचक ड्यूटीत मध्ये टेकायला जागा नाही म्हणून सेमिनार हॉलमध्ये आडवी झालेली डॉक्टर. १४ ऑगस्टच्या मध्यरात्री बंगालभर बायका रस्त्यावर उतरल्या, रात्र आमचीही आहे म्हणत. आणि तीनच दिवसांनी राज्य सरकारने सुरक्षेची जी योजना काढली, त्यात एक ओळ होती: शक्य असेल तिथे बायकांना रात्रपाळी देऊ नये. सप्टेंबरमध्ये सुप्रीम कोर्टाने यावर सरकारला सुनावलं की सुरक्षा देणं तुमचं काम आहे, बायकांना काम नाकारणं नव्हे. ती ओळ मागे घ्यावी लागली. १९११ पासून २०२४ पर्यंत तोच पॅच! प्रत्येक वेळी वाटतं फिक्स झालं, आणि प्रत्येक वेळी तोच बग.

आता त्या गप्प डबा खाणाऱ्या चेन्नईवाल्याकडे वळू, कारण या गोष्टीला पहिलं खरं वळण त्याच्या शहराने दिलं. डिसेंबर २०००, मद्रास हायकोर्ट, वसंता विरुद्ध भारत सरकार. कारखान्यात काम करणाऱ्या बायका कोर्टात गेल्या की रात्रपाळी नाही म्हणून आम्हाला कामच मिळत नाही. कोर्टाने कलम ६६ मधली ती वेळेची अट घटनाबाह्य ठरवली. आणि नुसती उडवली नाही, तर मालकावर अटी टाकल्या: ने-आण करायला गाडी, विश्रांतीची वेगळी खोली, बायकांना एकेकटं न ठेवता गटात काम. हा निकाल मला क्रांतिकारक वाटतो, कारण त्याने प्रश्नच फिरवला. ‘ती रात्री का बाहेर आहे?’ या ऐवजी ‘ती बाहेर असणारच आहे, तर खर्च कोण करणार?’

२००७ मध्ये सुप्रीम कोर्टातही असंच झालं. दिल्लीत लागू असलेल्या १९१४ च्या पंजाब अबकारी कायद्यात, जिथे दारू दिली जाते तिथे बायकांना नोकरी द्यायला बंदी होती. हॉटेल मॅनेजमेंट शिकलेल्या मुलींनी करायचं काय? अनुज गर्ग खटल्यात कोर्टाने ती बंदी रद्द केली. संरक्षणाच्या नावाखाली हक्क काढून घेता येणार नाही, असा त्याचा अर्थ. आपल्याकडे २००५ च्या डान्सबार बंदीचंही तसंच झालं. २०१३ मध्ये ती बंदी सुप्रीम कोर्टातही टिकली नाही. तोवर आठ वर्षं गेली होती आणि त्या मुली कुठे गेल्या, याची चौकशी कुणी केली नाही.

आणि मग आपण. आयटीवाले. कॉल सेंटरसाठी राज्यांनी रात्रपाळीचे नियम पटापट ढिले केले, कारण अमेरिकेचा दिवस म्हणजे आपली रात्र. इथेही मासळीचाच नियम, कच्चा माल सडता कामा नये. डॉलर थांबत नाही. किंमत मोजली ती डिसेंबर २००५ मध्ये बंगळुरूच्या आणि नोव्हेंबर २००७ मध्ये पुण्याच्या बीपीओत काम करणाऱ्या दोन मुलींनी, ज्यांना कामावर नेण्याच्या नावाखाली गाडीत बसवलं गेलं आणि ज्या परत आल्या नाहीत. आज तुमच्या कॅबमध्ये जीपीएस आहे, गार्ड आहे, ‘पहिला पिकअप आणि शेवटचा ड्रॉप बाईचा नको’ हा नियम आहे. कॅब उशिरा आली की आपण ट्रान्सपोर्ट डेस्कवर ओरडतो. ओरडा, पण तो नियम कुठून आला ते माहीत असू द्या.

मध्येच एक सांगते, आकड्यांबद्दल. कुणी एनसीआरबीचा तक्ता फॉरवर्ड करून ‘हे शहर सर्वात असुरक्षित’ म्हणालं की थांबा. तो तक्ता गुन्हे किती झाले ते सांगत नाही, पोलिसांनी किती नोंदवले ते सांगतो. जिथे बाई चौकीत जायला घाबरते, ते शहर तक्त्यात छान दिसतं. आणि त्याच अहवालात दरवर्षी असतं की बलात्काराच्या गुन्ह्यांत नव्वद टक्क्यांहून जास्त वेळा आरोपी ओळखीचा असतो. शेजारी, नातेवाईक, मित्र. सातच्या आत ज्या घरात बोलावतात, तिथलाच.

शेवटचा अपडेट. महाराष्ट्राने २०१५ मध्ये कारखान्यांसाठी आणि २०१७ मध्ये दुकान-ऑफिसांसाठी नियम बदलले. साडेनऊनंतर बाई काम करू शकते, तिची संमती हवी, सुरक्षा आणि गाडी मालकाने द्यायची. दिल्लीने दुकानांसाठी २०२५ मध्ये परवानगी दिली. आणि २१ नोव्हेंबर २०२५ ला देशभर नवी कामगार संहिता लागू झाली. तिच्यात बाईला सगळ्या प्रकारच्या कामांवर, संध्याकाळी सातनंतर आणि सकाळी सहाच्या आधीसुद्धा, तिच्या संमतीने काम करता येईल असं आहे. बघा, नव्या संहितेतही ते सहा आणि सात आहेतच. फक्त आधी तिथे भिंत होती, आता एक फॉर्म आहे.

त्या फॉर्मवर मी सही केली आहे. पण माझ्या एका मैत्रिणीचं ऐका. तिच्या कंपनीत ऑन-कॉलची रोटा लावताना मॅनेजर म्हणाला, “तुला कशाला त्रास, कॅबचं अप्रूव्हल, गार्ड, सगळी झंझट. मुलं करतील.” तिने नाही म्हटलं नव्हतं, तिला विचारलंच नव्हतं. वर्षाच्या शेवटी प्रमोशन मिळालं ज्याने रात्री तीनला प्रॉडक्शन उभं केलं त्याला. वाइंडिंग खात्यातल्या बायकांचं १९३०च्या दशकात जे झालं, त्याची ही एसी व्हर्जन. गाडी दिली तर बाई महाग पडते आणि नाही दिली तर बाई येऊ शकत नाही. हा खर्च एकट्या कंपनीने उचलायचा की शहराने रात्रीची बस आणि दिवे देऊन, याचं उत्तर दिल्याशिवाय कुठलीही संहिता पुरणार नाही असं मला वाटतं. रात्री एकला स्कूटीवर बिर्याणी घेऊन येणारी जी मुलगी आहे, तिला ॲप ‘पार्टनर’ म्हणतं. पार्टनरला कॅब देत नाहीत.

तर पुढच्या वेळी कँटीनमध्ये वाद निघाला की सेफ शहर कुठलं हे विचारू नका. शेवटची बस किती वाजता आहे ते विचारा, आणि त्या बसमध्ये बसलेल्या बायका कुठून येतायत ते.

पुढचा एपिसोड गिरणगावच्या खाणावळींवर. कुणाची आजी किंवा आत्या लालबाग-परळला खाणावळ चालवायची का? तिच्याशी बोला, फोनवर रेकॉर्ड करा, आणि पाठवा. आवाज खराब असला तरी चालेल, भांड्यांचा आवाज असला तर उत्तमच. भेटू!